भरवसा आणि पिठाचा डबा

काळजीविषयी मराठीत दोन वचने आहेत आणि दोन्ही आपण सोयीप्रमाणे वापरतो. कुणी फारच काळजी करू लागला, की आपण त्याला समजावतो, 'अरे, चिंता आणि चिता यांत एका टिंबाचाच काय तो फरक.' आणि कुणी अगदीच निर्धास्त बसला, की त्यालाच ऐकवतो, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.' म्हणजे काळजी केली तरी चुकले आणि न केली तरी चुकले! या दोहोंच्या मध्ये कुठेतरी देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाची जागा असते. ती नेमकी कुठे, हा प्रश्न सगळ्याच श्रद्धावंतांपुढे असतो. आम्हा ख्रिस्ती मंडळींपुढे तो जरा अधिक धारदार होऊन उभा राहतो, कारण आमच्या प्रभूने काळजीविषयी चक्क आज्ञाच देऊन ठेवली आहे. पाखरांकडे आणि रानफुलांकडे बोट दाखवून त्याने शिष्यांना सांगितले, की उद्याच्या अन्नवस्त्राचा घोर लावून घेऊ नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला हा भाग आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतो.

पाठ असणे सोपे. आमची घरेही चारचौघांसारखीच. नागपूरच्या सदरमध्ये राहा, मोहननगरात राहा नाही तर जरीपटक्यात, पहिल्या तारखेला घराचा हप्ता जातो, मुलाची नोकरी कंत्राटी असते आणि ते कंत्राट मार्चअखेर संपणार असते. मुलगी शिकायला पुण्याला, म्हाताऱ्या वडिलांची रक्तदाबाची आणि साखरेची औषधे दर महिन्याला. रविवारी उपासनेत 'काळजी करू नका' हे वचन ऐकून माणूस बाहेर पडतो आणि स्कूटरला किल्ली लावेपर्यंत काळजी मागच्या सीटवर येऊन बसलेली असते. मग त्याला आणखी एक काळजी लागते. आपण काळजी करतो, म्हणजे आपला विश्वासच कच्चा तर नाही?

ही दुसरी काळजी मला पहिलीपेक्षा अधिक घातक वाटते. आज लिहायचे आहे ते तिच्याविषयी.

१५ मार्च २०२१ पासून आमच्या शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली, हे नागपूरकरांना सांगायला नको. पुढचे दोन महिने कसे गेले, तेही सांगायला नको. एप्रिलमध्ये खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी लोक रात्र रात्र फोन फिरवत होते. माझी थोरली बहीण त्या दिवसांत आजारी पडली. चर्चची दारे बंद होती, म्हणून प्रार्थना फोनवरून चालली. नाशिकचे नातेवाईक, अहमदनगरकडची मंडळी, शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी शिक्षिका, कितीतरी लोकांनी तिच्यासाठी देवाला साकडे घातले. ताई मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेली. पुढे येणेजाणे सुरू झाल्यावर एक परिचित गृहस्थ भेटायला आले आणि सांत्वनाच्या ओघात म्हणाले, 'कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. देव विश्वासाला उत्तर देतोच.'

मी त्यांना चहा दिला आणि काही बोलले नाही. दु:खाच्या घरात वाद घालायचा नसतो. पण ते वाक्य एकट्या त्या गृहस्थांचे नाही. ते हल्ली पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, व्यासपीठांवरून येते, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून येते. म्हणून त्याचे उत्तर चारचौघांत द्यायला हवे. ज्याचा माणूस गेला त्याला तू पुरेसा विश्वास ठेवला नाहीस असे सांगणे म्हणजे त्याच्या दु:खावर अपराधाचे ओझे ठेवणे आहे. आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते ख्रिस्ती शिकवणुकीलाही धरून नाही.

आमच्याच शहराच्या इतिहासातले एक उदाहरण घ्या. हिस्लॉप कॉलेजचे नाव नागपुरात कुणाला ठाऊक नाही? ज्यांच्या नावाने ते १८८३ साली सुरू झाले, ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. शाळा काढली, मराठीतून उपदेश केला, गोंडांच्या चालीरीती आणि बोली टिपून ठेवल्या. दगडांचा आणि जीवाश्मांचा त्यांना विलक्षण नाद होता. एका खनिजाला त्यांच्यावरून 'हिस्लोपाइट' असे नावही मिळाले आहे. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथे प्राचीन शिळावर्तुळे आहेत. तिथले उत्खनन पाहायला ते गेले होते. परतताना अंधार पडला होता, पावसाने नाला भरला होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी त्या नाल्यात ते बुडून मरण पावले. वयाची ४६ वर्षे पुरी व्हायला चार दिवस बाकी होते. त्यांची टिपणे पुढे १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी संपादून छापली, म्हणून आज ती वाचायला मिळतात.

आता या माणसाचा विश्वास कमी पडला म्हणून नाला चढला काय? अठरा वर्षे परक्या मुलखात, नागपूरच्या उन्हाळ्यात राबलेल्या माणसाविषयी असे म्हणायला जीभ रेटणार नाही. नाल्याला पूर आला होता, कारण सप्टेंबर महिना होता आणि पाऊस झाला होता. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, ही तर येशूचीच शिकवण. भरवसा ठेवणाऱ्याच्या वाटेत नाला येणार नाही, असे वचन बायबलमध्ये कुठेही नाही.

मुळात बायबलमधली माणसे तरी निश्चिंत कुठे होती? स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. त्यातली कितीतरी स्तोत्रे गाऱ्हाणी आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस दडून राहणार, असे विचारणारी. ती कुणी गाळली नाहीत. उलट प्रार्थनेच्या पुस्तकात मानाने ठेवली. संत पौलाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्याने कशाचीही चिंता करू नका असे बजावले, ते सर्वांना माहीत असते. पण त्याच पत्रात दोन पाने आधी काय आहे, ते कुणी सांगत नाही. एपफ्रदीत नावाचा त्याचा सोबती मरणाच्या दारात जाऊन परत आला होता. त्याला मी तुमच्याकडे लवकर धाडतो, म्हणजे माझेही दु:ख थोडे हलके होईल, अशा अर्थाचे पौल तिथे लिहितो. आणि करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, फटके, तुरुंग आणि फुटलेली जहाजे यांची यादी दिल्यावर, सगळ्या मंडळ्यांची काळजी मला रोज ग्रासते असेही तो सांगतो. चिंता करू नका असे सांगणारा हाच माणूस!

हा दुटप्पीपणा नाही. पौलाच्या सांगण्यात एक पुढचा भाग आहे आणि घाईत आपण तो सोडून देतो. चिंता करू नका, तर तुमच्या गरजा देवाला कळवा, असे तो सांगतो. म्हणजे काळजी नाही असे सोंग आणायचे नाही. ती उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची, मनात घोळवण्याऐवजी बोलून दाखवायची. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत तेच केले. समोर आलेला दु:खाचा प्याला टळावा अशी विनवणी त्याने एकदा सोडून तीनदा केली. सोबत्यांना जागे राहा म्हणाला, ते झोपी गेले. प्याला टळला नाही. देवपुत्राला जी घालमेल चुकली नाही, ती मोहननगरातल्या एखाद्या आईला चुकावी अशी अपेक्षा आपण का धरावी?

या विषयात मराठी ख्रिस्ती माणसाला दुसरीकडे दाखला शोधायला जावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार आपल्या भाषेत लिहून ठेवलेला आहे, आणि त्या कथेचे मोठे वळण नागपूरशी जोडलेले आहे. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टिळक नागपूरला श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. १८९३ च्या सुमारास नोकरीच्या शोधात ते आगगाडीने राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणे झाले आणि त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. म्हणजे ज्या प्रवासातून मराठी ख्रिस्ती साहित्याची एवढी मोठी परंपरा निघाली, तो मुळात पोटापाण्याच्या काळजीने काढलेला प्रवास होता! १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

टिळक स्वभावाने फकीर. खिशात असेल ते समोरच्याला देऊन मोकळे व्हायचे, दारी आलेल्या पोराला घरात घ्यायचे, उद्याचे उद्या पाहू म्हणायचे. पाखरांच्या दाखल्याचा मूर्तिमंत अर्थ म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येते. पण त्या पाखराच्या घरट्यात पिठाचा डबा कोण पाहत होते? लक्ष्मीबाई. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांच्या अंगावर आभाळ कोसळले. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, पदरात लहान दत्तू, जवळ पैसा नाही, शिक्षण नाही. बहिणीच्या आधाराने त्यांनी ती वर्षे काढली. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी धर्म लगेच बदलला नाही. कुणी घाई केली म्हणून त्यांनी विश्वास धरला नाही. स्वत:शी भांडत, विचार करीत, एकेक पायरी चढत १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडायचा, ख्रिस्ती संन्यासी होऊन जगायचे, हे त्यांचे स्वप्न. वय पन्नाशी ओलांडलेले. टिळकांचे हे धाडस थोरच. पण रविवारच्या पुरवणीचे वाचक संसारी आहेत, त्यांनी क्षणभर त्या निर्णयाकडे स्वयंपाकघरातून पाहावे. पगार सोडणाऱ्याचा विश्वास दिसतो. पगार नसलेल्या घरात सकाळी चूल पेटवणारीचा विश्वास दिसत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि काळजी एकट्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. त्या रडल्या, त्रासल्या, पुन्हा कामाला लागल्या. मुलाबरोबर कराचीला गेल्या. टिळकांनी सुरू करून अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले. १९३३ साली नागपुरात भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. ज्या शहरात चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीची विवंचना होती, त्याच शहरात ही शाळेचे तोंड न पाहिलेली बाई अध्यक्षपदावर बसली. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागले. शेवटचा भाग येण्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' तर त्यांच्या पश्चात १९३८ साली छापले गेले.

'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. या पुस्तकात काळज्या पानोपानी आहेत, पण कडवटपणा नाही, आणि आपल्या श्रद्धेची जाहिरातही नाही. काळजी करीत करीतच बाई विनोद करतात, करीत करीतच कुणाच्या तरी आजारपणात उशाशी बसतात. मला वाटते, भरवसा ओळखायची हीच खूण आहे. काळजीने माणसाचे हात बांधले, की भरवसा सुटला. हात चालू राहिले, दुसऱ्याच्या उपयोगी पडत राहिले, की पोटात गोळा असला तरी भरवसा शाबूत आहे असे खुशाल समजावे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्याच पुढची. आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळात गमावलेले. उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपत आली, तेव्हा रमाबाई देव पाहून घेईल म्हणून बसून राहिल्या नाहीत. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली, म्हणजे पुढे संस्थेला उत्पन्न होईल. एवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. नागपूर ज्याची राजधानी, त्या मध्य प्रांतात लोक भुकेने मरू लागले. रमाबाई इकडे आल्या आणि अनाथ मुलींना, विधवांना घेऊन गेल्या. एकदोन नव्हे, शेकडो. त्यांना पोसायला पैसा हाती नव्हता. विहिरी खणल्या हा हिशेब, आणि मुली आणल्या हा भरवसा. एकाच बाईच्या अंगी दोन्ही होते, आणि एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही.

माझ्या शेजारी एक बौद्ध कुटुंब आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर त्यांच्या आजोबांनी बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतली, याचा त्या घराला सार्थ अभिमान आहे. त्या घरच्या वहिनी मला एकदा म्हणाल्या, 'ताई, तुम्ही विहीरच खणायची, रात्रभर उशाशी बसायचे, सगळे स्वत:च करायचे, तर मग देवाला मध्ये कशाला आणता? आम्ही स्वत:च्या पायावर उभे राहतो, ते बरे नाही का?' प्रश्न प्रामाणिक होता आणि स्वत:च्या पायावर उभे राहण्याची किंमत त्यांच्या घराने मोजलेली आहे. मी त्यांना खोडून काढायला गेले नाही. आपल्यापुरते उत्तर दिले, ते असे.

मेहनत मला करायचीच आहे. पण मेहनतीच्या पलीकडे पुष्कळ काही उरते. विहीर खणणे माझ्या हाती, पाणी लागणे नाही. मुलाला शिकवणे माझ्या हाती, त्याला नोकरी लागणे नाही. औषध वेळेवर देणे माझ्या हाती, नाडी नाही. आपल्या विदर्भातला कापूसवाला शेतकरी हे माझ्यापेक्षा चांगले जाणतो. बियाणे, खत, फवारणी, सगळा हिशेब करून तो आभाळाकडे पाहतो. हाती नसलेल्या त्या भागाचे काय करायचे? तो डोक्यावर घेऊन फिरले, तर हाती असलेले कामही बिघडते. टाकून द्यावा, तर तो आपल्याच माणसांचा असतो, टाकवत नाही. अशा वेळी तो कुणाच्या तरी हाती सोपवता येणे, आणि ज्याच्या हाती सोपवला तो दुष्ट किंवा बेपर्वा नाही अशी खात्री असणे, याला मी भरवसा म्हणते. त्याने पाणी लागेलच असे होत नाही. पण खणताना हात कापत नाहीत.

ताईसाठी केलेली प्रार्थना वाया गेली का, असे मला पुष्कळदा विचारावेसे वाटते, आणि विचारतेही. आम्ही मागितले ते मिळाले नाही, हे खरे. त्यावर मुलामा देऊन मी कुणाची समजूत घालणार नाही, स्वत:चीही नाही. पण त्या पंधरा दिवसांत तिची मुले एकटी नव्हती. रात्री अडीच वाजता फोन केला तरी पलीकडे कुणीतरी जागे असायचे. डबे येत होते, औषधे येत होती, ती आणणाऱ्यांत चर्चची मंडळी होती तशीच शेजारच्या वहिनीही होत्या. गेथशेमानेत येशूला जे मिळाले नाही, ते आम्हाला मिळाले. आमचे सोबती झोपले नाहीत. या गोष्टीला काय नाव द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे. मी तिला देवाचे उत्तर म्हणते. मागितले होते ते नव्हे, पण उत्तरच.

तेव्हा घरात कुणी काळजीत असेल, तर त्याला विश्वासाचे प्रमाणपत्र मागू नये. काळजी कर नकोस एवढे बोलून पाठ फिरवणे तर त्याहून वाईट. काळजी ही बहुधा मायेचीच दुसरी बाजू असते. ज्याच्यावर जीव नाही, त्याची कुणी काळजी करीत नाही. आपण त्याला एवढेच विचारावे, की उद्या सकाळी काय काय करायचे आहे? रांगेत कुणी उभे राहायचे, बँकेत कुणी जायचे, डबा कुणी द्यायचा? उद्याच्या कामांची वाटणी झाली, की उद्याची निम्मी भीती तिथेच ओसरते. उरलेली निम्मी, दिवा मालवण्यापूर्वी दोन मिनिटे शांत बसून, देवाला नाव घेऊन सांगून टाकावी. आमच्याकडे रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेची जुनी रीत आहे. तिचा खरा उपयोग मला या वयात कळतो आहे. तिच्यात घरातल्या प्रत्येकाची काळजी सगळ्यांना ऐकू येते.

जुन्या करारात सारफथच्या विधवेची गोष्ट आहे. दुष्काळात तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले होते. दारी आलेल्या एलीया संदेष्ट्याला तिने त्यातूनच आधी भाकर करून दिली. पुढे पाऊस पडेपर्यंत तिचे पीठ संपले नाही. लहानपणी मला वाटायचे, की तिचे मडके काठोकाठ भरले असेल. गोष्ट पुन्हा नीट वाचली, तर तसे कुठेच म्हटलेले नाही. मडके भरले असे नाही, ते सरले नाही, एवढेच. म्हणजे रोज सकाळी ती बाई मडक्यात हात घालत असणार, आणि रोज तिला तळाशी एका दिवसाचेच पीठ लागत असणार. रोज थोडी धास्ती, रोज एक भाकर. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आम्ही आजच्या दिवसाचीच भाकर मागतो, वर्षाची बेगमी मागत नाही. संसारी माणसाच्या वाट्याला येणारा भरवसा बहुतेक असाच असतो, रोजच्या रोज लागेल तेवढा. त्यात कमीपणा काहीच नाही. उद्या सकाळी पुन्हा डब्यात हात घालायचा आहे, एवढे बळ त्यातून मिळाले म्हणजे पुष्कळ झाले.